पाठवणीच्या धूनमधली तुमची जागा

मास्तर, तुमच्यावर राग आहे म्हणून लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा तोंड वर करून बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रागवायला समोर कुणी नाही. तुमच्या बँडमध्ये आम्ही दोघंच उरलोय. क्लॅरनेटवर मी, आणि ढोलावर तो, ज्याला तुम्ही ‘बापाची मेंढरं सोडून ढोल हाकायला आला’ म्हणून चिडवायचात. मस्तगडचा आपला बँडचा गाळा केव्हाच सुटला, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. लग्नात डीजेच्या गाडीपुढे आम्ही शकुनापुरतं वाजवतो आणि मुकाट्याने बाजूला होतो. गाणी निवडायला बसण्याचा प्रश्नच येत नाही. डीजेवाला पोरगा बोटाने मोबाइल सरकवतो, झाली निवड.

दिवाळी आटोपली की आपण त्या गाळ्यात नव्या सीझनची गाणी ठरवायला बसायचो. ज्याने गाणं आणलं त्याने त्याची तरफदारी करायची नाही, आणि एकजण जरी नको म्हणाला तरी गाणं बाद, हा तुमचा कायदा. मी नवा असताना एक चालतं गाणं घेऊन आलो होतो. सगळे खूश. तुम्ही तेवढे नाही. मग म्हणालात, “तुला आवडलं ते समजलं. भोंगेवाल्याला इचारलं का?” भोंगेवाल्याला दम्याचा त्रास होता, पण लाजेकाजेने तो हो म्हणाला असता. तुम्ही त्याला तो मोठा पितळी भोंगा गळ्यात घालून, गाणं वाजवत रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायला लावलंत. परत आला तेव्हा त्याच्या छातीचा भाता चालू होता. “न्हाई जमायचं मास्तर,” तो म्हणाला. तुम्ही माझ्याकडे वळलात. “ज्याचा जीव जातो त्याला आधी इचारायचं. आवडून घेणारे लई असतेत.” मी फुगून बसलो होतो, पण तुमचं बरोबर होतं हे तेव्हाही कळत होतं.

पाठवणीची धून मात्र आपण कुठून आणली नाही, स्वतः केली, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात झाली. गाळ्याचं पत्र्याचं छत तापलेलं, म्हणून सगळी वाद्यं घेऊन आपण तुमच्या घरी बसलोय. काकू भाकरी थापताहेत. तुमची लेक, तेव्हा परकर-पोलक्यातली, उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडण्याचं सोंग करतेय. सुरुवात मी करतो, मग सॅक्सोफोनवाला, मग भोंगा, मग तुमचा ट्रम्पेट, आणि शेवट परत माझ्याकडे. ज्याने त्याने आपापला तुकडा रचायचा. ढोल सगळ्यांच्या खालून चालत राहणार. पूर्ण वाजवून झाली तेव्हा काकूंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि मागे न बघता म्हणाल्या, “पोरगी जाताना रडतीच की. तुम्ही अजून कशाला रडवून राह्यले?” त्यावर तुम्ही तुमचा तुकडा मोडला आणि नवा केला, जरा उड्या मारणारा, आईने पोरीची वेणी घालता घालता तिला हसवावं तसा. तेव्हा ती धून उभी राहिली.

आणि मग तुम्ही तो नियम केलात. तुमचा आधीचा बँड ‘ही चाल माझी, ती चाल तुझी’ यावरून फुटला होता, ते तुमच्या मनातून गेलं नव्हतं. “ज्याचा तुकडा त्यानंच वाजवायचा. तो नसला तर जागा रिकामी सोडायची, बिलकुल भरायची न्हाई.” आम्हाला त्याचं केवढं कौतुक! घनसावंगीच्या एका लग्नात भोंगेवाला आला नव्हता, त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. त्याची जागा आली, आपण सगळे थांबलो, नुसता ढोल चालला. मांडवातली माणसं एकदम गप्प झाली. नवरीचा हुंदका तेवढा ऐकू आला. घरी येताना जीपमध्ये तुम्ही स्वतःवरच खूश होतात. मास्तर, तो नियम गैरहजर माणसासाठी होता. माणसं मरतात हे तुमच्या ध्यानातच आलं नाही का? तुमच्याएवढा शहाणा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट तुम्ही हिशोबात धरली नाहीत.

कारण पहिले गेलात तुम्हीच. मग भोंगेवाला. सॅक्सोफोनवाला पुण्याला पोराकडे गेला, तिथे कुठल्या सोसायटीच्या गेटवर बसतो म्हणे. फोन केला तर सून उचलते आणि बाबा झोपलेत म्हणते. आम्ही ती धून वाजवायचीच सोडून दिली.

या उन्हाळ्यात तुमची लेक जाफराबादेहून आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलेलं. तिची स्वतःची पाठवणी त्याच धूनवर झाली होती, तुम्ही वाजवताना दोनदा चुकला होतात. ती म्हणाली, “दादा, डीजे तर सांगितला त्या लोकांनी. पण जाताना आपली धून पाहिजे. बाबांची तेवढीच राह्यली.” मी हो म्हणून बसलो.

मग मी आणि ढोलवाला ठरवायला बसलो, बसस्टँडच्या हॉटेलात, चहावर. मला तुमचा तुकडा येतो. ऐकून ऐकून तिघांचेही येतात, मी घरी क्लॅरनेटवर बसवलेही होते. मी म्हणालो, आपण भरून काढू, पोरीला पुरी धून मिळू दे. त्याने नकारार्थी मान हलवली. “तू मास्तर हायेस का?” मी म्हणालो, मास्तर आता नाही. त्याने कप बाजूला सरकवला. “त्या जागेत मला अजून ऐकू येतेत ते. तू वाजवलं की बंद होईल. माझं न्हाई म्हणून धर.” एक नाही म्हणाला की संपलं. कायदा तुमचाच. मला त्याचा संताप आला, आणि त्याचं दुःख माझ्यापेक्षा खरं आहे असंही वाटलं.

लग्न झालं. नवरी गाडीपाशी आली तसं मी सुरुवात केली. माझा तुकडा संपला आणि रिकाम्या जागा सुरू झाल्या, एकामागे एक, तिघांच्या. नुसता ढोल. घनसावंगीसारखं कुणी गप्प झालं नाही. माणसं आमच्याकडे बघू लागली, यांना दम लागला की काय म्हणून. कुणीतरी हसलं. तुमची जागा आली, तुमची लेक डोळे मिटून उभी होती, आणि डीजेवाल्याला वाटलं आमचं संपलं. त्याने गाणं सोडलं. जमीन हादरली, नवरदेवाचे मित्र नाचायला लागले. ढोल अजून चालूच होता, त्याचा हात वरखाली होताना दिसत होता, आवाज मात्र नव्हता. तुमची लेक पदराने डोळे पुसत माझ्यापाशी आली आणि कानाशी ओरडून विचारलं, “दादा, झाली का धून?” मी म्हणालो, “झाली, ताई.” ती लेकीला मिठी मारायला धावली.

हे लिहिलेलं तिला दाखवावं असं मनात येऊन गेलं, पण दाखवणार नाही. तिला मी धून झाली म्हणून सांगितलंय. शेवटचा तुकडा माझा होता, तो राहिलाच, क्लॅरनेट ओठाला लावलेलं होतं. आणि डीजे सुरू झाला तेव्हा, मास्तर, मला सुटल्यासारखं वाटलं.