दोघांतला राहिलेला

दि. ९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा हात राखून. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, जिना चढताना मधे दोनदा थांबते. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

तुझं घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक पोचलं. एकशे बारा पानं, त्यातल्या चाळीस पानांवर तुझेच फोटो.

पान तेवीस वाचलं. साथ आली, डॉक्टरसुद्धा पळाले, पण दवाखान्यातले कंपाउंडर, म्हणजे आपले पणजोबा, रोग्यांपाशी राहिले आणि एकतिसाव्या वर्षी त्याच साथीत गेले. मग पान उलटलं. तर सहा वर्षांनी त्यांना मुलगा झाला, तेच आपले आजोबा! शाब्बास. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे ऐकून होते, मेल्या माणसाला मुलगा झालेला तूच पहिल्यांदा दाखवलास.

आणि खाली तळटीप काय, तर ‘जन्मनोंदीत कारकुनाची चूक असावी.’ अरे, चौतीस वर्षं मी नोंदणी कचेरीत त्याच खुर्चीवर बसले. कारकून एखाद्या दिवसाने चुकतो, सहा वर्षांनी नाही. तुला जुळेना की कारकून चुकला, वा रे वा!

आता नीट ऐक. दोन सख्ख्या भावांनी आपापल्या पहिल्या मुलाला आपल्याच बापाचं नाव ठेवलं. म्हणून एकाच नावा-आडनावाचे दोन चुलतभाऊ झाले, आणि दोघंही त्याच दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना वेगळं ओळखायला एकच रकाना पुरतो, वडिलांच्या नावाचा. तो तू वाचलाच नाहीस. साथीत गेला तो थोरल्या भावाचा मुलगा. आपले पणजोबा धाकट्याचे. दवाखान्याचं जुनं हजेरीपुस्तक आमच्या कचेरीच्या तळघरात आहे. साथीच्या तिसऱ्या दिवसापासून आपल्या पणजोबांपुढे ‘गैरहजर, ठावठिकाणा नाही’ असा शेरा आहे. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या गावात औषधांचं दुकान टाकून बसलेले सापडतात. म्हणजे एकाचं मरण उचललंस आणि दुसऱ्याची मुलंबाळं त्याला चिकटवलीस.

हे फोनवर सांगितलं तर म्हणालास, “ताई, शंभर वर्षांनी कोण बघतंय गं? नाव तर एकच आहे ना!”

बघणारी आहे. रोग्यांपाशी राहिलेल्याला एक मुलगी होती. तिची नात त्याच दवाखान्यासमोर कपडे शिवते, तिथे मीच दोनदा ब्लाउज शिवून घेतलाय. वीस तारखेला दवाखान्याच्या भिंतीवर तू संगमरवरी पाटी लावणार, खाली ‘पणतवाकडून’ असं कोरणार, सूट घालून पडदा ओढणार, आणि ती बिचारी मशीन थांबवून दारातून टाळ्या वाजवणार. तिच्याच पणजोबासाठी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

फोनवर तू पुढे असंही म्हणालास, “मागे राहणं आपल्या रक्तातच आहे.” जिन्यात कुणीतरी आलंय म्हणून मी फोन ठेवला. कुणी आलं नव्हतं.

आई संसर्गाच्या वेगळ्या वॉर्डात होती तेव्हा तू सतरा दिवस तिच्यापाशी होतास. तोंडाला फडकं बांधून तिला भरवत होतास. मला रोज फोन करायचास, “ताई, ती तुझं नाव घेते, ये ना.” मी म्हणायचे, साहेब रजा देत नाहीत. तू साहेबांना शिव्या घालायचास आणि मी ऐकून घ्यायचे.

साहेबांनी पहिल्याच दिवशी रजा दिली होती. कचेरीच्या हजेरीपुस्तकात माझ्यापुढे ते सतरा दिवस ‘रजा’ असंच लिहिलंय, कुणीही जाऊन बघावं. मी घरातच होते, दाराला आतून कडी लावून. भीती वाटत होती रे, दुसरं काही नाही. आई गेल्याचा फोन आला तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू नंतर आलं.

तुझ्या पुस्तकाला मी आठवडाभर हसतेय, आणि अजून हसणार आहे, कारण ते हसण्याच्याच लायकीचं आहे. पण मूर्खा, उसना पणजोबा तुला कशाला हवा? आपल्या घरात राहिलेला माणूस एकच, तो तू. त्यासाठी शंभर वर्षं मागे जायची गरज नव्हती.

पाटीवरची शेवटची ओळ पाथरवटाकडून खोडून घे. नाव आहे तसं राहू दे, ते बरोबर आहे. पडदा त्या शिलाईवालीला ओढू दे. उद्या मीच तिच्याकडे जाऊन सांगते. एवढं तरी मला पळून न जाता करू दे.

पळालेल्याची खरी पणती,
तुझी ताई