मधली कोरी जागा

१२ जून
चि. खारूताईस,
अ. उ. आ.
तुझं चित्र पोचलं. एक गाणं संपेपर्यंत तू पेन्सिलीने आमची अख्खी मैफल उभी केलीस. व्हायोलिनवाल्याची हनुवटी वाद्यावर टेकून चक्क झोपी गेलीय. बासरीवाल्याचे गाल त्याच्या बायकोने लगेच ओळखले. पण मधे बसून घसा फोडणारा तुझा सख्खा भाऊ कुठे आहे? तिथे नुसता कोरा कागद. मी रुसणारच होतो, पण व्हायोलिनवाला म्हणाला की आवाज असा कोऱ्या जागेतून दाखवणं मोठ्या चित्रकारालाच सुचतं. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला मी तेच ऐकवतो. चित्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलंय.
लोभ आहेच, पुढच्या वेळी तो कागदावरही दिसू दे.
तुझा दादा

१९ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
ते चित्र भिंतीवरून काढ. मी जागा सोडली नाही रे. सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते, आणि बघावं तिथे तू नव्हतास, मळकट डाग होता. कडेचे दोघे दिसले म्हणून तेवढेच उतरले. मला वाटलं, दिव्यांची तिरीप असेल.
काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांची मधली नजर चाललीय, गेलेली परत येणार नाही. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तुला पाठवण्याआधी तेच चित्र छापलं होतं, आणि आता म्हणतात, असंच आणखी काढा. त्यांना काय सांगू? मला दुसरं काही येत नाही. आरशात बघते तर नुसते कान आणि केस. मी फार घाबरलेय, दादा. आईला कळवू नकोस. ओळी वाकड्या गेल्या असतील, सांभाळून घे.
लोभ असावा, आता जरा जास्तच असावा.
तुझी खारूताई

२३ जून
चि. खारूताईस,
अ. उ. आ.
पत्र वाचलं आणि आधी ते चित्र भिंतीवरून उतरवलं. जे गावभर मिरवलं ते तुझं दुखणं निघालं. तुला धीर द्यायला हवा, पण तो माझ्याकडेच नाही. सकाळी गायला बसलो तर आवाज फुटेना. आईला काही बोललो नाही.
शनिवारी येतोय. तुझ्यासमोर बसणार नाही, कडेला बसेन. तू भिंतीकडे बघ आणि मला काढ. जेवढा दिसेन तेवढा काढ, पण याच खेपेला काढ.
लोभ आहे, आणखी वाढायला जागा नाही.
तुझा दादा