ज्योतिषाने दिलेली तारीख

३ मार्च
आठव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळ ठीक! सूनबाई टेबलावरून उठता उठता रडायला लागली. म्हटलं, आधी चपला घाल.
मागच्या वर्षी हिच्या गर्भपिशवीतल्या गाठी दुर्बिणीतून काढल्या. पोटावर बारीकसे डाग, डास चावल्यासारखे. पण आत पिशवीला शिवण आहे, आणि हिची खोल आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं — "कळांच्या ताणाने उसवू शकते. त्याआधीच तारीख ठरवून सिझर करू. पोटात दुखलं तर तडक इकडे."

६ मार्च
जाऊबाईने फोनवर विचारलंच, "आधीपासून ठरवून सिझर? का हो ताई?"
गाठी म्हटलं की लोक कॅन्सरपर्यंत जाऊन येतात. ठोकून दिलं — ज्योतिषाने तारीख काढून दिलीये!
"तुम्ही? आणि ज्योतिषी?" हसता हसता तिला ठसका लागला. हसू दे. घरात ताकीद दिली, सगळ्यांना हेच सांगायचं. चिरंजीव म्हणतात, "आई, निदान ग्रहांची नावं तरी पाठ कर." आगाऊ!

२० मार्च
सूनबाईला जिना चढू देत नाही. "तुरुंग बरा," म्हणाली. हसत म्हणाली, म्हणून चालवून घेतलं.

२ एप्रिल
मी बँकेत, मुलगा कामावर, सोबतीला जाऊबाई. सूनबाईला कळ आली. जाऊबाईने तिला कुशीवर निजवलं, पाठीला उशी दिली. "तारखेला आठवडा आहे गं. दम धर. ताईंनी एवढी काढून आणलीये!"
पोर गप्प राहिली — माझ्या ताकिदीपायी! पुन्हा कळ आली तेव्हा ओरडली, "काकू, तारीखबिरीख काही नाही! माझ्या पिशवीला टाके आहेत!"
जाऊबाई अनवाणी रस्त्यावर धावली, दिसेल ती गाडी अडवली.
मी पोचले तेव्हा आत ऑपरेशन चालू होतं. जाऊबाई बाकावर बसलेली, मला पाहून तिने तोंड फिरवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
मुलगी झाली. लालबुंद, ओरडकी. दोघी सुखरूप. शिवण उसवायला लागली होती. "आणखी थोडं थांबला असतात तर —" डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. मीही करवून घेतलं नाही.

४ एप्रिल
शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, सिझर कशामुळे? गाठींपासून सगळं सांगितलं, खणखणीत आवाजात.
जाऊबाई बाळाचं टोपडं सारखं करत होती. मान वर न करता म्हणाली, "मलाही होत्या, ताई. सासूबाई म्हणाल्या, कुठे बोलायचं नाही. शेवटी पिशवीच काढावी लागली."