ओल खालून चढते

प्रिय रत्नाताई,

अहो-जाहो तूच बंद करायला लावलंस, तेव्हा आता 'तू'च. दिवाळीपासून तू माहेरचा एकही फोन उचलत नाहीस, भावजयीचासुद्धा! म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती कळंबला पाठवतेय. ह्यांच्यावर चिडू नकोस, चहा तरी पाज.

आधी आनंदाची बातमी. माजघराची भिंत वाळली, अगदी खडखडीत. माझ्या लग्नाआधी त्या जुन्या दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि मांडवासाठी बाहेरून भिंतीला लागून काँक्रीट ओतलं, पार जोत्याच्या वर. पहिल्याच पावसाळ्यात कमरेपर्यंत पोपडे, पांढरा खार, गाद्यांना कुबट वास. आणि खापर कुणावर? नव्या सुनेवर! "दिवसभर फरशीवर पाणी ओतती," असं आई म्हणायच्या. पुढे तर आईंनी शेजारच्या सारजाबाईंना सांगितलं, की हिचा पायगुणच वाईट. मी मोरीत जाऊन रडायचे. शेवटी मलाही वाटायला लागलं, असेल बाई आपलंच काहीतरी.

भाऊबीजेला तू आलीस आणि पदर खोचून भिंतीपाशी बसलीस. छप्पर गळत असतं तर ओल वरून उतरली असती, ही तर खालून चढतीय, वरची भिंत बघा कशी कोरडी, असं सगळ्यांसमोर म्हणालीस. कळंबच्या तुझ्या घरात हेच झालं होतं ना, सिमेंट-काँक्रीटनं जमिनीतली ओल भिंतीतच कोंडली होती! पण तेवढ्यावर थांबलीस तर ती रत्नाताई कसली? "पोरीला नावं ठेवताना लाज न्हाई वाटली?" असं आईंना तोंडावर सुनावलंस. त्या भडकल्या. "लई शानी झालीस, परत या घरात पाय ठिवू नको." तू तशीच उठून गेलीस, भावाला न ओवाळता.

ताई, माझ्यासाठी आजवर कुणी असं भांडलं नव्हतं, माझ्या माहेरचंही नाही. तुझे उपकार कसे फेडू तेच कळत नाही. माझी बाजू घेतलीस आणि तुझंच माहेर तुटलं, ह्याचं मला लई वाईट वाटतं.

तू गेल्यावर ह्यांनी पहार घेतली. भिंतीलगतचं काँक्रीट फोडून पाण्याला उतार दिला, आतलं सिमेंट खरवडलं आणि हिवाळाभर भिंत उघडी ठेवून वाळू दिली. परवा चुन्याचा गिलावा झाला. चुना कालवायला कोण बसलं असेल? आई! माझ्या हातातलं घमेलंच काढून घेतलं.

आता लिहायचं खरं कारण सांगते. गुरुवारी कळंबला सोड, असं आई ह्यांना म्हणाल्यात. तुझ्याकडे येतील आणि सांगतील, इथं कळंबच्या गिरणीत दळण आणलं होतं. अगं, गिरण आपल्या शेजारीच आहे! पिशवीत वर बाजरी असेल, पण खाली तुझी दिवाळीची द्यायची राहिलेली साडी ठेवलीय, मी पाहिलंय. तू हसू नकोस आणि माफीही मागायला लावू नकोस, त्यांना ते जमायचं नाही. फक्त दार उघड आणि हातातली पिशवी घे.

तुझीच, तू जिच्यासाठी भांडलीस ती,
संस्कृती
महाळुंगे पडवळ