बापाची ठासणीची बंदूक

राजूर, खंडेनवमी, १९९४

शेजारच्या सोमाला आज पोलिसांनी नेलं. बापाची ठासणीची बंदूक पूजेला मांडली, एवढंच. परवाना बापाच्या नावचा. तो वैशाखात गेला, तेव्हाच ती ठाण्यात जमा करायला हवी होती. नळीला झेंडूची माळ! मी म्हटलं, "हवालदार, शस्त्रपूजा शास्त्रोक्त आहे." हवालदार हसला, "शास्त्रीबुवा, ते कोर्टात सांगा." माळेसकट पंचनामा झाला.

सोमा म्हणाला, "जमीन बापाची मला आली, मंग बंदूक का न्हाई?"

गावात पेपरचा वार्ताहर मी. बातमी मीच धाडायची: बेकायदा शस्त्रासह इसमास अटक.

त्याची बायको विचारत होती, "भात पिकलंय, डुकरं कोन हाकलनार?"

म्हटलं, जामीन होईल. झाला तरी बंदूक परत मिळणार नाही, हे सांगवलं नाही.