मागच्या खोलीतली होम प्लेट

मी, खाली सही करणारा, वय वर्षं बाहत्तर, धंद्याने बेसबॉलचा पंच, आज पूर्ण शुद्धीवर राहून आणि मानेवर कुणाची सुरी नसताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वासलात खालीलप्रमाणे लावावी. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. डोळ्यांचा दाखला त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही. ओळी वाकड्या गेल्या असतील तर तेवढं चालवून घ्यावं.

कलम १. बँकेत जे काही असेल ते माझ्या पुतणीला. ती नर्स आहे. दिवसातून दोनदा येऊन माझ्या डोळ्यांत थेंब घालते आणि दर वेळी "काका, हलू नका" म्हणून दटावते. चाळीस वर्षं मी लोकांना दटावलं, त्याची ही परतफेड समजतो. तिचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तो माझ्याशी एकतीस वर्षं बोललेला नाही. ते का, हे पुढे येईल.

कलम २. नियमांचं पुस्तक शाळामास्तरांना. एका सामन्यात पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू होते, कुणी बाद नव्हतं, आणि मास्तरांच्या शाळेच्या फलंदाजाने चेंडू आतल्या मैदानावरच उंच उडवला. चेंडू हवेत असतानाच मी फलंदाजाला आऊट दिलं. मग झेल सुटला आणि मास्तर छत्री घेऊन मैदानात आले. सुटलेल्या झेलावर आऊट कसा, पंचाला डोळे आहेत की बटणं, असं चारचौघांत विचारलं. अहो, हा नियम नसता तर क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोघांना टिपलं असतं. तुमच्याच पोरांसाठी आहे तो. एकोणीस वर्षं सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी. पान दुमडून ठेवलं आहे. आता तरी वाचा.

कलम ३. मास्क आणि छातीचं कवच ज्याला हवं त्याने न्यावं. होम प्लेटची पाटी झटकायचा छोटा ब्रश मात्र कुणालाही देऊ नये. दादाचं काम झालं की तो जाळून टाकावा.

कलम ४. घर. याचं मला सविस्तर लिहावं लागेल, आणि वकिलांनी कंटाळू नये.

एकतीस वर्षांपूर्वीचा सामना. शेवटचा डाव, धावा बरोबरीत. दादा पंचेचाळिशीतही होम प्लेटमागे, म्हणजे जिला शिवलं की धाव पुरी होते त्या जमिनीतल्या पाटीमागे, उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर होता. सख्खा भाऊ खेळत असताना पंचगिरी करू नये, पण त्या दिवशी दुसरा पंच आला नाही. मी एकटाच होतो. दुसऱ्या बेसवर छापखान्यातला एक तरुण होता, त्याला सगळे टोळ म्हणत. फटका बसला आणि टोळ तिसरा बेस ओलांडून सुसाट आला. चेंडूही आला. टोळाने पाटीकडे हात टाकून घसरत अंग झोकलं, त्याचं डोकं दादाच्या गुडघ्यावर आपटलं आणि लाल मातीचा लोट उठला.

मी हात हलवला नाही. धावपटू पाटीला शिवला नाही आणि कॅचरचा चेंडूही त्याला लागला नाही, तर पंचाने काहीही करायचं नसतं. ना आऊट, ना सेफ. तोंडसुद्धा उघडायचं नाही. धावपटूला शंका असेल तर त्याने परत येऊन शिवावं. कॅचरला असेल तर त्याने अपील करावं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही. दोघांपैकी कुणीच काही केलं नाही आणि संघ मैदान सोडून गेला, की धाव लागू. दादाने हातातला चेंडू टाकून दिला आणि टोळाचं डोकं मांडीवर घेतलं. अपील राहिलं. धाव लागू झाली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. टोळाचं डोकं बांधलेलं होतं. त्याने विचारलं, "काका, हात लागला का हो?"

"अपील झालं नाही. धाव तुझीच," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी," असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला पोचवून परतताना दादाने मला बाजूला घेतलं. "तू पाहिलंस. लागला होता का?" मी म्हणालो, "तेव्हाच विचारायचं होतंस." त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर कानाखाली वाजवली असती.

कलम ५. मी पाहिलं नव्हतं. धूळ उडाली आणि मी डोळे मिटले. पापणी लवते तेवढाच वेळ, पण नेमका तेवढाच. हात न हलवायचा नियम आयता मिळाला आणि मी त्याच्या आड लपलो. लोक कौतुकाने म्हणाले, सख्खा भाऊ समोर असूनही पंच जागचा हलला नाही. मी ते ऐकून घेतलं. याची लाज मला रोज वाटते.

पुढे त्या मैदानावर ट्रक उभे राहू लागले. मी पाटी उकरून आणली आणि मागच्या खोलीच्या फरशीत बसवली. ज्या दुपारी ती ब्रशने झटकतो, त्या दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे त्या दिवशीच्याच वेळेला, बोळातून खिळ्यांच्या बुटांची धाव ऐकू येते. बंद खिडक्यांच्या खोलीत मातीचा लोट उठतो. तो खाली बसला की फरशीवर लाल फरफट दिसते, पाटीच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर की कोपऱ्याअलीकडे, ते कळत नाही. न झटकली तर टोळ येत नाही. म्हणजे त्याला मीच बोलावतो, एकदा नीट पाहता यावं म्हणून. मास्क लावून, डोळे ताणून उभा राहतो, आणि नेमक्या वेळी पापणी लवते.

बायको होती तोवर नऊ वर्षं तिनेच ती माती झाडली. एकदाच म्हणाली, "तो पुन्हापुन्हा येतो म्हणजे विचारायलाच येत असेल. सांगून टाका ना." मी तिलाही काही सांगितलं नाही.

आता मोतीबिंदू इतका पिकलाय की फरफट बोटाने चाचपावी लागते. म्हणून घर दादाला द्यायचं ठरवलं. त्याची नजर अजून शाबूत आहे. त्याने पाहावं आणि निकाल लावावा.

कलम ६. वरचा मजकूर सकाळी लिहिला. हा त्याच दिवशी संध्याकाळी, कारण पुतणीने बापाला सांगितलं आणि दुपारी दादा स्वतः आला. दारातच म्हणाला, घर नको मला. मी कागद डोळ्यांशी धरून त्याला कलम पाच वाचून दाखवलं. तो उठून मागच्या खोलीत गेला आणि शहात्तराव्या वर्षी भिंत धरून पाटीमागे उकिडवा बसला. गुडघे कडकडा वाजले. मी पाटी झटकली आणि त्याच्या मागे उभा राहिलो. पुतणी दारापाशी होती.

चार वीसला बोळात बूट वाजले. जवळ आले. दादाने रिकामा हात वर केला आणि म्हणाला, "पंच, अपील आहे. लागला का?"

धाव थांबली. इतक्या वर्षांत ती कधी थांबली नव्हती. उंबऱ्याशी कुणीतरी धापा टाकत उभं होतं. पुतणी बाजूला सरकली.

मी म्हणालो, "मला दिसलं नाही. मी डोळे मिटले होते."

दादाने वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "मीही."

आणि उंबऱ्याकडून आवाज आला. तो आम्हा तिघांनाही ऐकू आला. "मीसुद्धा, काका."

धूळ उडाली नाही. बूट काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. भिंतीकडेला कुणीतरी अंग टाकलं. दादाला मी हात धरून उठवलं आणि आम्ही बाहेर आलो. हे लिहितोय तेव्हाही आतून श्वास ऐकू येतो आहे, संथ.

सबब घर दादाचं, त्याच्यामागे पुतणीचं. मागची खोली भाड्याने देऊ नये, रिकामी करू नये. तिथे एक जण झोपला आहे. फार धावला आहे. त्याला उठवू नये.

स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ११ एप्रिल, संध्याकाळी सहा

लिहून ठेवणार : (सही) पंच

दादा आणि पुतणी यांना या मृत्युपत्रात वाटा असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई. पंचांनी माझ्यादेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.
२. (सही) शेजारचे शिंपी. मजकूर मला वाचून दाखवला. हळू आवाजात.