भिवादादाचा दुसरा पाय

मी, जयमाला नवनाथ तांडेल, वय ८३, राहणार चिंचवड गावठाण, लिहून ठेवते की माझी नजर अधू असली तरी बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायला मुलगा रणजीत येऊन गेला. उपयोग झाला नाही.

१. चिंचवडचे दोन खोल्यांचे घर माझे पती कै. नवनाथ यांनी ओव्हरटाइम करून बांधले व हयातीतच माझ्या नावे केले. ते माझ्या पश्चात मुलगी तनुजा हिचे एकटीचे. बँकेतली ठेवही तिचीच. रणजीतला हिस्सा नाही. कारण लिहिते, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं त्याला कोर्टात म्हणता येणार नाही.

२. माझे थोरले बंधू भिवा वैती मुंबईच्या कोळीवाड्यात जन्मले. पंचावन्न साली मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून फाउंटनच्या मोर्चात गेले. गोळी लागून डावा पाय गुडघ्यापासून गेला. पुढे ते आमच्याकडेच राहिले. रणजीतला त्यांनी मांडीवर वाढवला.

तोच रणजीत बिल्डर झाला. गेल्या वर्षी महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, पुनावळ्यात नव्या स्कीमचं उद्घाटन ठेवलं आणि मामाला स्टेजवर बसवलं. दादा बोलायला उठले. "तिथं मुंबईला बेटं होती, आमची होडकी होती. इंग्रजानं किल्ला बांधला, खाड्या बुजवल्या, गोद्या काढल्या. आमची मासळी वाळवायची जागा गोदीत गेली, आमचे बाप तिथंच हमाल झाले. आम्ही म्हटलं, आपलं राज्य येऊ दे. आलं. उरलेल्या जागेवर आपल्याच माणसांनी टॉवर उभा केला. आणि हा माझा भाचा इथं तेच करतोय."

रणजीतने हसत माइक काढून घेतला. "मामांचं वय झालंय, राव. मनावर घेऊ नका." लोक हसले. पाहुण्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी आल्यावर दादा म्हणाले, "जयू, पाय गेल्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं गं. आज वाटलं, उगाच गेलो." त्या थंडीत ते गेले.

तेराव्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला. 'हुतात्मा भिवा वैती', शेजारी हात जोडलेला रणजीत. दादा दोन्ही पायांवर उभे. मी विचारलं, "हा पाय कुठनं आणलास?"

"आई, एका पायाचा फोटो बरा दिसत नाही."



३. दादांची कुबडी रणजीतने स्कीमच्या ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायला मागितली होती. ती शेजारच्या नागसेनला द्यावी. चाकणच्या कारखान्यात प्रेस मशिनखाली त्याचा पाय गेला, कंपनीने अजून कुबडीही दिलेली नाही. तो बुटका आहे, खालून कापून घ्यावी.

४. जाळं विणायची सुई व सुताची गुंडाळी तनुजाने ठेवावी. दादांनी तिला विणायला शिकवलं होतं. रणजीतलाही शिकवलं होतं.

५. अग्नी तनुजाने द्यावा. पोटच्या पोराची मला किळस येते, हे मी पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे. तरी त्या दिवशी तो आला तर जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. त्याला साखर आहे, भात कमी वाढावा.

वाचून घेतले, बरोबर आहे. सही माझ्या हातची.

जयमाला नवनाथ तांडेल
चिंचवड, दि. ९ जून २०२५

समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. डॉ. विजयश्री कुदळे
२. गणराज भिमाजी काटे